एम.ए. इंग्लिश नागपुरातून: साहित्य शिकता शिकता लिहायला येतं का?

वैनगंगाकाठ | सोमवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. आजवर वाचनमात्र होते, हा पहिलाच धागा. सांभाळून घ्या.

मी भंडारा जिल्ह्यातल्या पवनीची. यंदा बी.ए. झालं, त्यात इंग्लिश लिटरेचर घेतलं होतं. बारावीपर्यंत सगळं मराठी माध्यम. आता नागपूरला एम.ए. इंग्लिश करायचं मनात आहे. बाबा म्हणतात आधी बी.एड. कर, मग काय वाचायचं ते वाच. दादा म्हणतो इंग्रजीच सुधारायचं असेल तर नागपुरातच बर्डीवर (सीताबर्डीला) स्पोकन इंग्लिशचा क्लास लाव, त्यासाठी दोन वर्षं कशाला घालवते.

पण माझी अडचण बोलण्याची नाही, लिहिण्याची आहे. कविता वाचली की डोक्यात पुष्कळ येतं. पेन हातात घेतलं की मात्र गाइडमधलं वाक्य कागदावर पडतं. परीक्षेत त्यालाच मार्क मिळाले, त्यामुळे तक्रार तरी कोणाकडे करू? एम.ए. केल्याने यात फरक पडतो का? आणि विद्यापीठाच्या विभागात जावं, एखाद्या कॉलेजात, की इग्नू (मुक्त विद्यापीठ)?

रामदासपेठी | सोमवार, रात्री ९:४०

स्वागत. आधी कोरडी माहिती देतो, तत्त्वज्ञान बाकीचे सांगतीलच.

विद्यापीठाचा पदव्युत्तर इंग्रजी विभाग अमरावती रोडच्या कॅम्पसमध्ये आहे. मेट्रोच्या भरवशावर खोली शोधू नकोस. अ‍ॅक्वा लाइन शंकरनगर, एलएडी चौक, धरमपेठ कॉलेज करत हिंगणा रोडकडे जाते, कॅम्पसच्या दारात येत नाही. रविनगर, भरतनगरच्या बाजूला राहायची सोय झाली तर उत्तम. कॉलेजं म्हणशील तर हिस्लॉप (१८८३ पासूनचं) आहे, मॉरिस आहे. पाटीवर वसंतराव नाईक शासकीय कला व समाजविज्ञान संस्था असं लिहिलेलं असलं तरी ऑटोवाल्याला मॉरिसच सांगावं लागतं. काही कॉलेजं आता स्वायत्त झाली आहेत, तिथला अभ्यासक्रम आणि पेपर विद्यापीठापेक्षा वेगळा असू शकतो. फॉर्म भरायच्या आधी ते बघून घे.

रचना नव्या शैक्षणिक धोरणाची आहे, महाराष्ट्रात २०२३-२४ पासून लागू झालेली. चार सत्रं, प्रत्येकी २२ क्रेडिट. त्यात संशोधन पद्धतीचा एक पेपर, दुसऱ्या सत्रात ऑन जॉब ट्रेनिंग किंवा क्षेत्रीय प्रकल्प, तिसऱ्या आणि चौथ्यात संशोधन प्रकल्प. एका वर्षानंतर सोडलंस तर पीजी डिप्लोमा मिळतो. तुझ्या प्रश्नाशी खरा संबंध आहे तो या संशोधन प्रकल्पाचा. एवढं लांब आणि स्वतःचं लिखाण बी.ए.ला कोणी करून घेतलेलं नसतं.

इग्नूचं प्रादेशिक केंद्रही नागपुरातच आहे. त्यांचं छापील साहित्य चांगलं असतं, वर्षातून दोनदा प्रवेश होतात, नोकरी सांभाळून करता येतं. पण तुला तुझा कागद वाचणारं माणूस हवंय. ते पोस्टाने येत नाही.

गंभीर_पोट्टा | सोमवार, रात्री १०:०५

अवो ताई, काऊन टेन्शन घेऊन राहिल्या? एम.ए. इंग्लिश म्हणजे चॉसरपासून सुरू अन् तासिका तत्त्वावर समाप्त. मी दोन्ही टोकं पाहून आलो, आता पुतण्यासोबत मोबाइलचं दुकान चालवून राहिलो. गिऱ्हाइकाशी इंग्रजीत भांडता येते, एवढा फायदा पक्का.

रामदासपेठी भाऊ, ते पोस्टाचं बाकी भारी होतं.

तासिकावाला | सोमवार, रात्री ११:३०

पोट्टे भाऊ, नावावरून ओळखलंच असशील की मी त्या दुसऱ्या टोकावर बसलोय. नेट (प्राध्यापकीसाठीची पात्रता परीक्षा) झालेलं आहे, एका कॉलेजात तासिकेवर शिकवतो. मानधन येतं तेव्हा येतं. तो रडगाण्याचा धागा वेगळा आहे, इथे नको.

वैनगंगाकाठ, तुझा प्रश्न बरोबर जागी बोट ठेवतो. एम.ए.च्या वर्गात साहित्य शिकवलं जातं, लिखाण गृहीत धरलं जातं. पोरं ट्रॅजेडीची व्याख्या सांगतात, रोमँटिक कवींची वैशिष्ट्यं सांगतात, फ्रेंच तत्त्ववेत्ता देरिदाचं नाव घेतात. एक पान समोर ठेवून ‘यात काय चाललंय ते लिही’ म्हटलं की वर्गात सगळे छताकडे पाहतात. पोरांचा दोष कमी आहे. प्रश्न वर्षानुवर्षं तेच ते, उत्तरं बाजारात छापील, आणि तपासणाऱ्यासमोर गठ्ठा एवढा की ओळखीचा मुद्दा दिसला की तो टिक मारून पुढे सरकतो. स्वतःचं लिहिणाऱ्या पोरीला त्यात दंड होतो असं मात्र नाही. मी स्वतः पेपर तपासतो. शंभरात एक उत्तर असं निघतं की ज्यात कोणीतरी खरंच पुस्तक उघडलेलं दिसतं, आणि त्याला मार्क देताना बरं वाटतं.

उदाहरण देतो. अरुण कोलटकरांची इंग्रजी ‘जेजुरी’ (१९७६) तुझ्या वाचनात असेलच. त्यात म्हातारीवरची कविता आहे. ती बाही धरून मागे लागते, पन्नास पैसे मागते, मोबदल्यात एक ठिकाण दाखवते म्हणते. गाइड काय सांगतं? ‘कवीने दारिद्र्याचे व श्रद्धेच्या बाजारीकरणाचे प्रभावी चित्रण केले आहे.’ हे वाक्य खोटं नाही, पण ते लिहायला कविता वाचावी लागत नाही.

आता कविता उघड आणि दोनच गोष्टी बघ. पहिली, सर्वनाम. कवी ‘मी’ म्हणत नाही, ‘तो’ म्हणत नाही. सगळं ‘तू’ला सांगतो. बाही तुझी धरली आहे. वाचणारा पहिल्या दोन ओळींतच पकडला जातो. दुसरी, नाणं. सुरुवातीला ती तुझ्याकडे नाणं मागते आहे, म्हणजे देणारा तू, वरचढ तू. मध्ये ती एकच प्रश्न विचारते, या असल्या डोंगरावर म्हाताऱ्या बाईने दुसरं करायचं काय, आणि तिथून तिच्या डोळ्यांभोवतीच्या भेगा डोंगराला, देवळांना, आभाळाला जाऊन भिडतात. सगळं फुटतं, ती उभी राहते. शेवटी तिच्या हातावरची चिल्लर तूच झालेला असतोस. नाणं कोणाकडून कोणाकडे गेलं एवढं जरी नीट मांडलंस तरी दोन पानांचा निबंध होतो, आणि तो कुठल्या गाइडात सापडणार नाही.

एम.ए.ला जाऊन हे येईल का? विभागात एखादा जरी असं वाचणारा शिक्षक भेटला तर येईल. नाही भेटला तर दोन-तीन पोरींनी मिळून आठवड्याला एक पान एकमेकींना दाखवायचं. भांडण होतं, पण लिखाण सुधारतं.

काळी_माती | मंगळवार, सकाळी ७:५०

सगळे एवढ्या उत्साहात आहेत म्हणून विचारतो. पवनीच्या पोरीने इंग्रजी साहित्यच का शिकावं? १८३५ साली मेकॉलेने इंग्रजी शिक्षणाच्या बाजूने टिपण लिहिलं, तेव्हापासून आपण त्या रांगेत उभे आहोत. गंमत अशी की ऑक्सफर्डमध्ये इंग्रजीचं स्वतंत्र स्कूल १८९४ ला निघालं, केंब्रिजची इंग्रजीची ट्रायपॉस (तिथला पदवी अभ्यासक्रम) १९१७ ची, आणि आपल्याकडची पोरं त्याच्या कितीतरी आधीपासून कॉलेजात शेक्सपिअर, मिल्टन घोकत होती. ज्यांचं साहित्य त्यांनी उशिरा शिकवायला घेतलं, आणि आपल्याला आधी पाजलं. हिला लिहायचंच आहे तर मराठीत एम.ए. करू दे, मराठीत लिहू दे.

बर्डीचा_पुस्तककिडा | मंगळवार, सकाळी ९:१५

काळी_माती, इतिहास बरोबर, निष्कर्ष चुकला. आगरकरांचं शाळेचं काही शिक्षण आपल्या अकोल्यात झालं, त्यांनी १८८३ मध्ये ‘हॅम्लेट’चं ‘विकारविलसित’ केलं. विंदा करंदीकर इंग्रजीचे प्राध्यापक, त्यांनी अ‍ॅरिस्टॉटलचं काव्यशास्त्र मराठीत आणलं, ‘राजा लिअर’ही. नेमाडे इंग्रजी शिकवायचे. लांब कशाला, महेश एलकुंचवारांनी धरमपेठेतल्या कॉलेजात इंग्रजी शिकवली आणि नाटकं मराठीत लिहिली. इंग्रजी साहित्य शिकलं की मराठी सुटते असा काही नियम दिसत नाही. उलट बऱ्याच जणांना तिथूनच मराठीकडे वळून बघता आलं.

अवांतर: अ‍ॅरिस्टॉटलच्या पेपरला विंदांचं पुस्तक आधी वाचलं तर इंग्रजी भाषांतर निम्म्या वेळात कळतं. मराठी माध्यमवाल्यांनी यात कमीपणा मानू नये.

वैनगंगाकाठ | मंगळवार, दुपारी २:२०

तासिकावाला सर, जेजुरी रात्री पुन्हा काढली. खरंच सगळीकडे ‘तू’ आहे, आम्हाला हे कोणी दाखवलं नव्हतं.

हिंमत करून मीही एक परिच्छेद टाकते. कुमुद पावडे यांच्या संस्कृत शिकण्यावरच्या लेखाचं इंग्रजी भाषांतर मी वाचलंय. त्यावर मराठीतच लिहिते, इथे बरं दिसेल.

‘या लेखात लेखिकेने जातिव्यवस्थेचे विदारक वास्तव मांडले असून शिक्षणासाठी केलेला संघर्ष अत्यंत प्रभावीपणे व्यक्त झाला आहे. हा लेख दलित स्त्रीच्या आत्मसन्मानाचा हुंकार आहे.’

तासिकावाला | मंगळवार, दुपारी ४:४५

आधी ‘सर’ काढ, इथे सगळे आयडी आहेत.

हा परिच्छेद मी उचलून दुसऱ्या कुठल्याही दलित आत्मकथनाखाली चिकटवला तर चिकटतो. तीच त्याची परीक्षा. ‘विदारक’, ‘प्रभावीपणे’, ‘हुंकार’ हे तीन शब्द आजपासून तुला बंद. आता लेखाचा पहिला आणि शेवटचा भाग परत वाच. सुरुवातीला लोक काय करताहेत? शेवटी काय होतं? फक्त तेवढंच लिही, मत देऊ नकोस.

काळी_माती | मंगळवार, सायंकाळी ५:१०

नागपूरच्या बाईंनी मराठीत लिहिलेला लेख, तो आपण इंग्रजीतून वाचून इथे मराठीत त्याचा काथ्याकूट करतोय. मी काही बोलत नाही.

बर्डीचा_पुस्तककिडा | मंगळवार, सायंकाळी ५:२५

काथ्याकूट नाही, बघ की पोरगी लिहून राहिली. पण तुझं म्हणणं अर्धं मान्य. वैनगंगाकाठ, हा लेख असलेलं मूळ मराठी पुस्तक ‘अंतःस्फोट’ (१९८१) मिळव आणि दोन्ही शेजारी ठेवून वाच. भाषांतरात कुठे धार वाढली, कुठे गेली, यावरच तुझा चौथ्या सत्राचा प्रकल्प होऊ शकतो. मराठी येणाऱ्या विद्यार्थिनीला इथे जे दिसेल ते दिल्लीच्या पोरांना दिसणार नाही. आपल्याकडच्या इंग्रजी विभागांतून भाषांतरावर यापेक्षा कितीतरी जास्त काम व्हायला हवं असं माझं जुनं मत आहे.

नेटग्रस्त | मंगळवार, रात्री ८:३०

वातावरण भारावलेलं आहे, तरी पोटापाण्याचं कोणीतरी बोलायला हवं.

एम.ए.ला ५५ टक्के (राखीव प्रवर्गाला ५०) असले की नेट देता येते. दोन पेपर, तीन तास, दीडशे वस्तुनिष्ठ प्रश्न, तीनशे मार्क, निगेटिव्ह नाही. इंग्रजीच्या अभ्यासक्रमात दहा घटक आहेत: नाटक, कविता, कथा-कादंबरी यांच्यासोबत भाषाविज्ञान, भारतातली इंग्रजी, सांस्कृतिक अभ्यास, समीक्षा, सिद्धान्त, संशोधन पद्धती. तुझ्या ‘लिहायचं’ या इच्छेशी नेटचा काडीचा संबंध नाही. तिथे गोल काळा करायचा नसून माउसने टिचकी मारायची, एवढीच सुधारणा. कोण आधी, कोण नंतर, कुठल्या नाटकातलं पात्र, असलेच प्रश्न पुष्कळ. राज्याची सेट पुणे विद्यापीठ घेतं, तिचे प्रश्नही असेच.

आणि सहायक प्राध्यापकाच्या कायम जागा किती निघतात ते तासिकावाला सांगतीलच. म्हणून तुझ्या बाबांचं म्हणणं सरसकट उडवू नकोस. एम.ए. आणि बी.एड. दोन्ही असेल तर कनिष्ठ महाविद्यालयात शिकवता येतं. शाळेसाठी टीईटी, टेट या परीक्षा आणि भरतीचं पवित्र पोर्टल हा सगळा रस्ता आहेच. क्रम एवढाच बदलायचा: आधी एम.ए., मग बी.एड. बाबांना हे पटवता येतं, मी माझ्या घरी पटवलं.

पीएच.डी.चं मनात आलं आणि तू ओबीसी, व्हीजेएनटी किंवा एसबीसी असशील तर महाज्योती या सरकारी संस्थेची फेलोशिप बघ, त्यांचं मुख्य कार्यालय नागपुरातच आहे. अनुसूचित जातीसाठी अशीच संस्था बार्टी. वसतिगृह न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना स्वाधार योजनेतून मदत मिळते. पैशाअभावी थांबायच्या आधी हे दरवाजे ठोठाव.

मृण्मयी_एम | मंगळवार, रात्री ९:५५

मी एम.ए. इंग्लिश, नागपूरच. आता घरूनच एका कंपनीसाठी मजकूर लिहिते आणि संपादित करते. मुलाखतीत माझी डिग्री कोणी विचारली नाही, अर्ध्या तासात चारशे शब्द लिहायला बसवलं. ते जमलं, कारण दुसऱ्या वर्षी एका मॅडमनी माझा प्रकल्प पाच वेळा परत पाठवला होता. तेव्हा घरी येऊन मी त्यांना यथेच्छ शिव्या दिल्या. प्रत्येक वेळी पानाच्या कडेला एकच प्रश्न असायचा: ‘हे तुला कुठे दिसलं?’ अजूनही दुसऱ्याचा मजकूर तपासताना मी तोच प्रश्न लिहिते, फक्त जरा गोड शब्दांत.

आणखी एक. हल्ली पोरं असाइनमेंट चॅटजीपीटीकडून लिहून घेतात. माझ्या मैत्रिणीकडे एकाच वर्गातून सारख्याच सुरुवातीचे डझनभर निबंध आले, सगळे सफाईदार, सगळे बिनचेहऱ्याचे. बाजारात त्या लिखाणाला किंमत उरलेली नाही, कारण ते आता फुकट मिळतं. शिकायला आली आहेस तर पहिला खर्डा स्वतःच लिही, तो कितीही वेडावाकडा असो. व्याकरण नंतर कशानेही दुरुस्त कर.

गंभीर_पोट्टा | मंगळवार, रात्री १०:१०

मॅडम, पाच वेळा परत? आमच्या वेळी तर प्रकल्प सायक्लोस्टाइल निघायचे, नाव बदलून. मागच्या पोराचं नाव एकाने आतल्या पानावर तसंच ठेवलं होतं बे, तरी पास.

जुना_झाडीपट्टीकर | बुधवार, सकाळी ६:४०

मी निवृत्त माणूस, सकाळी लवकर उठतो म्हणून हा वेळ. बँकेत आयुष्य गेलं, इंग्रजी साहित्याचा अभ्यास खाजगीरीत्या बसून केला.

लिहिण्याचा सराव कुठे करावा, यावर माझं एक साधं सुचवणं. नागपूरचं इंग्रजी दैनिक ‘द हितवाद’ १९११ साली गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सुरू केलं, ते अजून रोज निघतं. त्याच्या संपादकाला पत्र लिही. विषय कुठलाही घे, गावातलं वाचनालय, एसटीचं वेळापत्रक, काहीही. जागा थोडी असते, त्यामुळे पाल्हाळ लावता येत नाही. छापून आलं तर आपण पाठवलेलं आणि त्यांनी छापलेलं शेजारी ठेवून बघ. काय कापलं ते बघितलं की शिकवणी होते, आणि फी लागत नाही. विदर्भ साहित्य संघात झाशी राणी चौकात कार्यक्रम होतात, तिथेही जाऊन बसत जा. मराठीतली चांगली चर्चा ऐकली की इंग्रजीतला परिच्छेदही सुधारतो, हा माझा अनुभव.

पुस्तकांसाठी विद्यापीठाचं रामदासपेठेतलं ग्रंथालय आहेच. जुने अभिजात ग्रंथ प्रोजेक्ट गटेनबर्गवर मोफत मिळतात, आणि यूजीसीच्या ई-पीजी पाठशाळेत इंग्रजीचे पाठ आहेत. गाइडवर पैसे घालायची गरज नाही.

वैनगंगाकाठ | बुधवार, रात्री ९:००

सगळ्यांचे आभार. नेटग्रस्त, तुमची पोस्ट बाबांना वाचून दाखवली. ‘आधी एम.ए., मग बी.एड.’ वर ते ‘बघू’ म्हणाले. आमच्या घरात ‘बघू’ म्हणजे निम्मं हो असतं.

तासिकावाला, परत लिहिलंय:

‘लेखाच्या सुरुवातीला लोक लेखिकेचं कौतुक करतात. एवढं संस्कृत येतं म्हणून. पण कौतुक ऐकताना ती सुखावत नाही, कारण लोकांना नवल तिच्या विद्येचं नाही, अशा जातीतल्या बाईला ती आली याचं आहे. शेवटी तिला सरकारी कॉलेजात नोकरी मिळते, पण तोवर तिचं आंतरजातीय लग्न होऊन आडनाव बदललेलं असतं. ती म्हणते की नेमणुकीचं श्रेय नव्या नावाला, सोमकुवर नावाची कुमुद अजून वंचितच आहे. म्हणजे सुरुवातीला विद्या तिची आणि नवल जातीचं. शेवटी विद्या तीच आणि नोकरी आडनावाची. दोन्ही वेळा संस्कृत कोणी मोजलंच नाही.’

तासिकावाला | बुधवार, रात्री १०:२०

शेवटचं वाक्य वर घे. परिच्छेद तिथून सुरू होतो, बाकी सगळा त्याचा पुरावा आहे. हे इंग्रजीत लिही, याच क्रमाने, छोट्या वाक्यांत.

आता तुझ्याच मुद्द्याला अडचणीत टाकतो. लेखातल्या गोखले गुरुजींचं काय करशील? सोवळ्यातले दिसणारे, नकार देतील असं वाटणारे, आणि त्यांनी मात्र मनापासून शिकवलं. त्यांनी संस्कृत मोजलं की नाही? ‘कोणी मोजलंच नाही’ हे तुझं वाक्य मग टिकतं का? टिकवायचं असेल तर बदलावं लागेल. पुढचा परिच्छेद त्यावर.

काळी_माती | बुधवार, रात्री १०:४०

हे चांगलं झालंय. आणि ते मराठीत झालंय, हे नोंदवून ठेवतो.

वैनगंगाकाठ | बुधवार, रात्री ११:०५

गुरुजींचा विचारच केला नव्हता. रविवारपर्यंत टाकते. ‘अंतःस्फोट’ इथल्या वाचनालयात नाही, उद्या नागपूरला फॉर्मच्या चौकशीला येतेय तेव्हा बघते. अब्रॅम्सच्या साहित्यसंज्ञा कोशाची जुनी प्रत कोणाकडे असेल तर सांगा, कुठलीही आवृत्ती चालेल.

गंभीर_पोट्टा | बुधवार, रात्री ११:१२

माझ्याकडे आहे अब्रॅम्स, कव्हर फाटलं पण आतून कोरा करकरीत, उघडलाच नव्हता ना. दुकान बर्डीवरच आहे, व्यनि (खाजगी निरोप) करतो. पैसे नको ताई, फक्त त्या गुरुजीवाल्या परिच्छेदाची लिंक टाकजा.